जटांसाठी बॅकर रॉड: भिंतीच्या फटीतली दोरी डोक्यावर कितपत चालते?

पात्र शंकराचं असो, अघोरी साधूचं असो, नाहीतर परग्रहावरून आलेल्या शिकाऱ्याचं. जटा हव्यात म्हटलं की वेशभूषा भाड्याने देणाऱ्या दुकानात तीच लोकरीची टोपी पुढ्यात येते. स्नेहसंमेलनातल्या पाच मिनिटांच्या नाचाला ती पुरते. गणपतीतल्या जिवंत देखाव्यात एकाच रात्री तोच प्रसंग सात-आठ वेळा करायचा असेल तर मात्र लोकर घामाने जड होते, एकमेकींत गुंतते आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावर चढवताना नाक धरावं लागतं. फोमच्या जटा हा त्यावरचा उपाय. त्यासाठी सहज मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात कामाची वस्तू वेशभूषेच्या दुकानात मिळतच नाही, ती वॉटरप्रूफिंगच्या दुकानात मिळते. तिचं नाव बॅकर रॉड.

काचेची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, काँक्रीटच्या दोन भागांमधला एक्स्पान्शन जॉइंट, अशा ठिकाणी सिलंट, म्हणजे फट बुजवायची रबरासारखी लवचीक पेस्ट, भरण्याआधी फोमची एक गोल दोरी आत दाबून बसवतात. तोच हा रॉड. त्याची कामं दोन. सिलंट खोलवर वाया जाऊ द्यायचं नाही, आणि ते सांध्याच्या तळाला चिकटू द्यायचं नाही. सिलंटने फक्त समोरासमोरच्या दोन बाजू धरायच्या असतात. तळही धरला तर सांधा थोडा हलला की ते फाटतं. म्हणून हा रॉड मुद्दाम पॉलिएथिलीनचा करतात, कारण त्याला फारसं काही चिकटत नाही. गवंड्याला जे हवं तेच रंगभूषा करणाऱ्याला नडतं. जटा करताना जो काही मनस्ताप होतो, त्यातला बराचसा याच एका गुणातून येतो.

आधी निकाल सांगून टाकू. वजन, लवचीकपणा आणि आकार देण्याची सोय यांना पाचपैकी साडेचार. रंग आणि गोंद धरण्याला दीड. हा दीड कसा वाढवायचा, त्यातच या कामाची खरी मेहनत आहे.

दुकानात ‘फोमची दोरी’ मागितली तर पॅकिंगचं काहीतरी हातात ठेवतील. ‘सिलंटच्या मागे भरायचा बॅकर रॉड’ असं म्हणा. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडेही तो असतो. क्लोज्ड सेलच घ्या, म्हणजे ज्याच्या आतल्या हवेच्या पेशी बंद असतात तो. ओळखायला सोपं आहे. कापलेलं टोक पाण्यात धरून दाबा. पाणी शोषलं तर तो ओपन सेल, तो परत करा. घाम आणि पातळ रंग दोन्ही तो पिऊन बसतो. दुसरी चाचणी नखाची: नख रुतवून सोडलं की खड्डा काही सेकंदांत भरून यायला हवा. जुना, उन्हात पडलेला माल असेल तर नखाखाली भुगा होतो.

रंग बहुतेक राखाडी, कधी पांढरा. भस्म फासलेल्या जटांना राखाडी म्हणजे निम्मं काम झालेलंच. पुढे कुठे रंगाचा टवका उडालाच तरी आतून राखाडी दिसतं, पांढरं ठिगळ दिसत नाही. व्यास मिलिमीटरमध्ये मागा. मोठ्या माणसाच्या डोक्याला १२ आणि १५ मिसळून, दाढीच्या बटांना आणि कपाळाच्या कडेला ८, वरच्या जटाजूटाला २०. लहान मुलांना ८ आणि १० पुरे. सगळ्या जटा एकाच जाडीच्या केल्या तर डोक्याला नळ्या लावल्यासारखं दिसतं, आणि हौशी कामात ही चूक हमखास दिसते.

हिशोब असा. मोठ्या डोक्याला ५० ते ६० जटा, लांबी ३५ ते ६० सेंटिमीटर. सरासरी ५० धरली तर ३० मीटर, कापाकापीत वाया जातो म्हणून ३३ घ्या. या फोमची घनता घनमीटरला साधारण ३० किलो धरली, तर १२ मिमीचा एक मीटर जेमतेम साडेतीन ग्रॅम भरतो. म्हणजे साठ जटांचा अख्खा सांगाडा शंभर ग्रॅमच्या आसपास. किंमतही मीटरमागे कटिंग चहाच्या आगेमागे असते, तेव्हा पहिल्या दहा-बारा जटा बिघडल्या तरी जीव जळत नाही. बिघडणार हे धरूनच चाला.

अवजारांत नव्या पात्याचा कटर, ८० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि हीट गन. हीट गनला पर्याय नाही. केस वाळवायच्या ड्रायरची हवा पॉलिएथिलीन मऊ करण्याइतकी तापत नाही. मेणबत्तीने काजळी धरते आणि फोम पेटूही शकतो. पातं बोथट असेल तर हा फोम कापला जात नाही, फाटतो, आणि फाटलेली कड पुढे रंगाखालीही लपत नाही. दर दहा-बारा जटांनंतर पात्याचा तुकडा मोडून नवी धार काढा.

प्रत्येक तुकडा हव्या त्या लांबीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त कापा. हा रॉड कारखान्यात ओढून काढलेला असतो, त्यामुळे गरम झाला की लांबीत आखडतो आणि थोडा फुगतो. टोक निमुळतं करायच्या दोन रीती आहेत. कटरने शेवटचे दहा सेंटिमीटर पेन्सिलीसारखे तासत आणायचे, ही एक. दुसरी जास्त चांगली: शेवटचे दहा सेंटिमीटर गरम करायचे आणि सुती हातमोजा घालून हळू ओढायचे. टोक आपसूक बारीक होतं, आणि तासल्याचे पैलू दिसत नाहीत.

पण ‘गरम’ म्हणजे किती? पॉलिएथिलीन साधारण १०० ते ११० अंशांना मऊ पडतं, आणि हीट गनच्या तोंडाशी सगळ्यात कमी खटक्यावरही त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. म्हणून गन १५ सेंटिमीटर लांब धरा, एका जागी थांबवू नका, आणि घड्याळाऐवजी फोमकडे बघा. पृष्ठभाग आधी मंद असतो. उष्णता लागली की तो ओल्या पाटीसारखा चमकतो. तीच वेळ. चमक दिसली की गन बाजूला आणि जटेला पीळ. आणखी दोन सेकंद थांबलात तर पेशी बसतात, तिथे कडक, चकचकीत गाठ होते आणि जटा नेमकी तिथेच मोडल्यासारखी वाकते. अशी गाठ परत फुगत नाही. तो तुकडा दाढीत वापरा.

पिळाबरोबरच पोत द्यायचा. जाड सुती दोरा जटेवर तिरका, कमीजास्त अंतराने घट्ट गुंडाळा, चमक येईपर्यंत गरम करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग दोरा सोडा. दोऱ्याच्या जागी खाचा राहतात आणि मधला भाग फुगीर, म्हणजे केस स्वतःच स्वतःभोवती गुंतले आहेत असं वाटतं. गरम असतानाच दोरा सोडला तर खाचा भरून येतात. त्यानंतर तारेचा ब्रश लांबीच्या दिशेने जोर देऊन फिरवा. वरचं गुळगुळीत कवच फाटून तंतू सुटतात. हे तंतू उगीच भुरभुरत राहू नयेत म्हणून गनची एक झटपट फेरी. ब्रश फिरवायचा कंटाळा करू नका. केसांचा पोत त्यातून मिळतोच, शिवाय रंगाला पकड मिळते तीही त्यातूनच, कारण अखंड कवचावर काही टिकत नाही.

आता तो दीड गुण. पहिला मोह स्प्रे पेंटचा होतो. थर्मोकोल जसा स्प्रेने विरघळतो तसा हा फोम विरघळत नाही, त्यामुळे लावताना सगळं छान वाटतं. वाळल्यावर जटा दोनदा वाकवली की रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि कलाकाराच्या खांद्यावर कोंडा पडल्यासारखा दिसतो. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पोस्टर कलर कालवून लावणं हा शाळांमधला आवडता प्रकार. तो त्याहून वाईट, कारण वाळलेला थर ताठ होतो, फोम वाकतो आणि थर तडकतो. नियम एकच: वरचा थर आतल्या फोमइतका तरी लवचीक हवा.

या कामात लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, सगळ्यात पुढे. द्रवरूप लेटेक्समध्ये थोडा ॲक्रिलिक रंग मिसळायचा आणि स्पंजच्या तुकड्याने पातळ हात द्यायचा. लेटेक्स वाळल्यावर गडद दिसतं, तेव्हा ओलं असताना हवा त्यापेक्षा फिका रंग ठेवा. लेटेक्सही पॉलिएथिलीनला तसं चिकटत नाहीच. पण ते चहूबाजूंनी मोज्यासारखं चढतं, म्हणून सुटायला त्याला कडच सापडत नाही. पकड आणखी हवी असेल तर पहिल्या ओल्या हातावर मेडिकलमधल्या बँडेजच्या जाळीची एकेरी पट्टी तिरकी गुंडाळा आणि वरून दुसरा हात द्या. अशा जटा अख्खा मोसम टिकतात. वजन तिप्पट होतं, पण शंभर ग्रॅमचं तिप्पट म्हणजे तीनशेच. स्पंजऐवजी ब्रश वापरलात तर तो मात्र आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर पहिल्याच जटेनंतर फेकावा लागेल.

लेटेक्सच्या तक्रारी खऱ्या आहेत. ओलं असताना अमोनियाचा उग्र वास येतो, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा. काही लोकांना त्याची ॲलर्जी असते, कलाकाराला आधी विचारा. वाळलेलं लेटेक्स लेटेक्सला चिकटतं, म्हणून प्रत्येक जटेवर टाल्कम पावडर चोळल्याशिवाय दुसरीशेजारी ठेवू नका. आणि तेलाशी त्याचं हाडवैर. डोक्याला खोबरेल चोपडून आलेल्या नटाच्या मानेजवळच्या जटा आठवड्याभरात चिकट होऊ लागतात.

लेटेक्स नकोच असेल तर दुसरा मार्ग: ब्रश केलेल्या फोमवर फेव्हिकॉल एसआरसारखा सिंथेटिक रबरचा गोंद थिनरने पातळ करून एक हात, तो पूर्ण वाळल्यावर कापडावर लावायचे ॲक्रिलिक फॅब्रिक कलर. याचं वजन नगण्य. टिकाऊपणा लेटेक्सच्या निम्मा धरा. हे गोंद ज्वलनशील असतात आणि त्यांची वाफ डोक्यात जाते. ज्या खोलीत गोंद लावला तिथे लगेच हीट गन चालवू नका.

कुठलाही थर साठ जटांवर देण्याआधी एका तुकड्यावर तपासा. वाळलेला तुकडा बोटाभोवती वीसदा गुंडाळून सोडा, मग पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर पुढे जाऊ नका.

रंगसंगतीचं थोडक्यात: तळाला काळपट तपकिरी, वर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी, टोकांना किंचित पिवळट. शुद्ध काळा नको, स्टेजच्या दिव्यांत त्यातला पोत बुजतो.

हलकेपणाचा एक तोटा कुणी सांगत नाही. साडेतीन ग्रॅम मीटरच्या जटा खाली पडत नाहीत, तरंगतात. नटाने मान झटकली की खऱ्या केसांसारख्या मागून येऊन आदळायला हव्यात, पण त्या चांदणीसारख्या चहूकडे पसरतात. विंगेतला पंखा चालू असेल तर बोलायलाच नको. यावर तोड सायकलच्या दुकानात मिळते. पाव इंची छरा साधारण एक ग्रॅमचा असतो. आकार देऊन झाल्यावर आणि रंगाआधी टोकापासून तीनेक सेंटिमीटरवर, जिथे जाडी पुरेशी आहे, कटरने उभी चीर द्या, दोन छरे आत ढकला, एसआरचा थेंब, वरून लेटेक्स. बाहेरच्या रांगेतल्या वीसेक जटांना एवढं केलं तरी सगळ्या डोक्याची चाल बदलते. शिशाची वजनं वापरू नका. शिसं विषारी, आणि लहान मुलं जटांची टोकं चावतात.

दुसरा असाच एक छुपा दोष म्हणजे आवाज. कोरे रॉड एकमेकांवर घासले की कुरकुरतात, आणि कॉलरला लावलेला माइक ती कुरकुर इमाने इतबारे पकडतो. लेटेक्स आणि पावडर झाली की आवाज जातो. एसआर आणि फॅब्रिक कलरच्या जटांमध्ये थोडा राहतो.

टोपीला जोडताना ग्लू गनवर विसंबू नका. गोंद फार गरम असेल तर फोम वितळतो, कोमट असेल तर गार झाल्यावर सालीसारखा निघतो. फेव्हिक्विकसारखे झटपट गोंद या प्लास्टिकला धरत नाहीत, शिवाय कडक होतात. शिवणच हवी. पण नुसता दोरा फोममधून घातला तर ताण आल्यावर तो साबणाच्या वडीतून तार जावी तसा फोम चिरत बाहेर येतो. म्हणून प्रत्येक मुळाशी मांजरपाटाची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी एसआर लावून दोन वेढे गुंडाळा, आणि मग चांभाराचा मेणाचा दोरा त्या कापडातून व टोपीतून फुलीसारखा दोनदा घ्या. टोपी घट्ट विणीची सुती, मागे इलॅस्टिक असलेली. सुरुवात मानेकडून, अडीच सेंटिमीटर अंतराच्या रांगांनी वर. कपाळाच्या कडेला ८ मिमीच्या बटा आणि त्यांच्यापुढे स्पिरिट गमने (रंगभूषेतला त्वचेवर लावायचा गोंद) चिकटवलेले थोडे क्रेपचे (नकली दाढी-मिशांना वापरतात ते) केस. ही कड उघडी राहिली तर मागची सगळी मेहनत टोपी म्हणूनच ओळखली जाते.

जटाजूट उभा राहायला सात-आठ जाड जटांना पोटात चीर देऊन दोन मिमीची ॲल्युमिनियमची तार बसवा. तारेचं टोक वळवून कडी करा, नाहीतर ते एक दिवस फोम भेदून कुणाच्या तरी गालाला लागेल.

पर्यायांकडे वळायचं तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी रबरी नळी बॅकर रॉडची खरी प्रतिस्पर्धी. रंग आधीच काळा, एसआर घट्ट बसतो, आणि झोका तर अप्रतिम, मांसल म्हणावा असा. पण ते रबर असल्यामुळे हीट गनने आकार घेत नाही. वजनही पाहा: आतून १३ मिमी आणि भिंत ९ मिमी असलेली नळी, घनता घनमीटरला ५५ किलो धरली तर मीटरला ३४ ग्रॅम. साठ जटांचे किलोभर झाले की मान भरून येते. कॉमिक कॉनला जाणाऱ्या परग्रहवासीयाला जाड अशा वीस-बावीसच जटा लागतात, तिथे ही नळी बॅकर रॉडच्या वर. शंकराला नको.

ईव्हीए शीट (चपलांच्या तळव्यासारखा फोमचा पत्रा) गोंद आणि रंग दोन्ही सुरेख धरतं, पण पट्ट्या कापून गोल करण्यात दिवस जातो आणि शेवटी जटा ताठच राहतात. गादीचा स्पंज कात्रीने पटकन कापला जातो, पहिल्या प्रयोगाला गोड दिसतो, मग घाम पितो आणि मुळाशी फाटतो. दोन द्रव मिसळून साच्यात फुगवायचा लवचीक पॉलियुरेथेन फोम सिनेमाच्या कामाला उत्तम. क्लोज-अपमध्ये त्याच्या तोडीचं काही नाही. पण त्यातला आयसोसायनेट श्वासाला घातक, योग्य मास्क आणि हवेशीर जागा नसेल तर हात लावू नये. पावसाळ्यात कोकणात हे करणं म्हणजे आणखी एक डोकेदुखी. साच्यातला दमटपणा आयसोसायनेटशी भिडतो, जास्तीचा वायू सुटतो आणि जटेत मोठाले पोकळ बुडबुडे राहतात.

एका कामात मात्र बॅकर रॉडला तोड नाही. बायकांच्या डोक्यावरची जट सोडवण्याचं काम महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. या विषयावरच्या पथनाट्यात जट प्रेक्षकांदेखत कापावी लागते. जाळी, तार आणि छरे न घातलेली, नुसता एसआर आणि रंग दिलेली १५ मिमीची जटा साध्या कात्रीने एका दमात कापली जाते. दर प्रयोगाला एक बदली तुकडा, मुळाशी प्रेस बटण लावून ठेवलेला, एवढीच तयारी.

आगीबाबत कसलीही सूट नाही. पॉलिएथिलीन पेटतं, आणि पेटल्यावर वितळून ठिबकतं. ठिबकेल ते नटाच्या मानेवर. वरचं लेटेक्सही जळणारंच. देखाव्यात आरती, कापूर, मशाल असेल तर जटाधारी पात्र त्यापासून चांगलं लांब उभं करा आणि विंगेत पाण्याची बादली व ओली गोणी ठेवा. कोल्ड फायरच्या (स्टेजवर उडवतात त्या कारंज्याच्या) ठिणग्यांनाही ‘कोल्ड’ म्हणून भुलू नका.

मोसम संपला की टोपी फुग्यावर किंवा उलट्या मडक्यावर चढवून, जटा मोकळ्या लोंबत ठेवा. ट्रंकेत दडपल्या तर पुढच्या भाद्रपदात सगळ्या एकाच बाजूला दबलेल्या निघतात. ड्रायरची कोमट हवा आणि रात्रभर टांगून ठेवणं यांनी थोडा बाक जातो, सगळा नाही. मे महिन्यात उभ्या गाडीत ठेवू नका. फोमला काही होत नाही, लेटेक्स मात्र एकमेकांना चिकटून गोळा होतं. ठेवण्याआधी पावडर चोळा, आणि टोपीच्या आतला घाम ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. कोरे उरलेले दोन-तीन मीटर फेकू नका, पुढच्या वर्षी मानेकडच्या रांगेत पाच-सात जटा बदलाव्या लागतीलच.